विलायतेला गेलेला तुकडा

दुकानाचं शटर वर गेलं की आधी वास येतो, मग उजेड. खळीचा वास, डांबरगोळ्यांचा, कोंडून राहिलेल्या कोऱ्या कापडाचा, आणि या सगळ्याच्या खाली बसण्णाच्या तंबाखूचा. परवा मी हुबळीला उतरले, कालचा दिवस केशवापूरच्या घरी झोपून काढला आणि आज सकाळी अप्पांच्या मागोमाग दुकानात शिरले. तब्बल दीड वर्षानं. पहिलाच श्वास घेतला आणि डोळे भरून आले. "धूळ गेली काय गं?" अप्पांनी विचारलं. "हो, धूळच," म्हटलं. कसली डोंबलाची धूळ!

"नम्म हुडगी बंदाळ्री!" बसण्णा दारातून ओरडला. आमची पोरगी आली हो, ही बातमी त्यानं समोरच्या भांडीवाल्याला दिली, पलीकडच्या बांगडीवाल्याला दिली, आणि रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसालाही देऊन टाकली. तो माणूस बिचारा थांबून हसला. बसण्णा माझ्या जन्माआधीपासून आमच्या दुकानात कापड फाडतोय. मिश्या पांढऱ्या झाल्या, पण आवाज काही बसला नाही.

गादीवर चढून बसले आणि हात आपोआप गादीखाली गेला. होती. अप्पांची नमुन्यांची वही तिथंच होती. लांबुळकी, लाल कापडात बांधलेली, पोट सुटलेल्या माणसासारखी मधोमध फुगलेली. प्रत्येक पानावर बोटभर लांबीचे कापडाचे तुकडे टाचलेले. तुकड्याशेजारी गिरणीचं किंवा विणकराचं नाव, आणि नावापुढे अप्पांच्या अक्षरात एकच शब्द. "पास" नाहीतर "परत". तिसरा शब्द त्या वहीत नाही. मी पानं उलटत माझं पान शोधायला लागले.

आमचे पणजोबा इचलकरंजीकडून कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि चिडल्यावर जी आधी तोंडात येईल ती. मे महिन्याची सुट्टी मी या गादीवर काढायची. तेव्हा लग्नसराई असायची. बसण्णा कात्रीनं जरासं टोक कापायचा आणि मग दोन्ही हातांनी कापड चर्रकन फाडायचा. तो आवाज मला इतका आवडायचा की घरी आईचे जुने परकर मी लपून फाडून बघितलेत, आणि त्यापायी मारही खाल्लाय. लोखंडी गज टेबलावर आपटायचा, पंखा वर कुरकुरायचा, बाहेरून गिरमिटवाल्याच्या चुरमुऱ्यांचा, कांद्या-कैरीचा वास आत यायचा. एखादी नवरीमुलगी आईच्या आडून खणांच्या ढिगाकडे बघत असायची. गुळेदगुड्डचे खण! हिरव्यावर लाल काठ, जांभळ्यावर लाल, काळ्यावर लाल. माझं सगळं बालपण त्या लाल काठांच्या मधे गेलं म्हटलं तरी चालेल.

विणकर गठ्ठा घेऊन आला की अप्पा त्याच्याशी आधी पाऊसपाण्याचं बोलायचे. मग एक तुकडा उचलून सरळ दुकानाच्या उंबऱ्यात जायचे. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही, तो उंबऱ्यात बघायचा, दिवसाच्या उजेडात. हा आमच्या दुकानाचा कायदा. तिथं उभं राहून अप्पा कापड उलटं करायचे, कारण सुलट बाजू सगळ्यांचीच छान असते. मग अंगठा जिभेवर ओला करायचा, काठावर घासायचा आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पुसायचा. बाहीवर लाल उतरला की रंग कच्चा. अप्पांची एकूण एक बाही गुलाबी झालेली होती. "तुमच्या दुकानाचा हिशेब माझ्या साबणात निघतो," असं आई म्हणायची.

आणि चहा. चहाचाही कायदा होता. आमच्यासाठी आणि बसण्णासाठी कायम बाय-टू, म्हणजे एक चहा दोघांत. फुल्ल चहा फक्त पार्टीला, म्हणजे ज्याचा माल पास झाला त्याला. अप्पा तपासणी संपवून वहीत लिहायचे, पेनाला टोपण लावायचे आणि बसण्णाला सांगायचे, "एक फुल्ल सांग." विणकराचा चेहरा तेव्हा असा उजळायचा! मी लहानपणी हट्ट केलाय, "अप्पा, मला पण फुल्ल." अप्पा म्हणायचे, "तू पार्टी आहेस काय? घरचीच तर आहेस." मी रुसून बसायची. आई सांगते, मी एकदा चहाचा पेला उपडा करून ठेवला होता.

रंग का जातो, हा प्रश्न मला तिथंच चिकटला. अप्पांना विचारलं तर म्हणायचे, "कच्चा आहे म्हणून जातो." कच्चा का आहे? "जातो म्हणून." घ्या! या उत्तराच्या रागानं मी धारवाडला जाऊन रसायनशास्त्र घेतलं. तीन वर्षं रोज सकाळची बस. नवनगर आलं की खिडकीतून गार वारा लागायचा आणि माझा डोळा हमखास लागायचा. धारवाडला उतरून कॉलेज, कॉलेज सुटलं की सप्तापूरला माझ्या मैत्रिणीची, शैलाची खोली. खोली कसली, एक खाट, एक स्टोव्ह आणि खिडकीत वाळणारे पापड. तिथं बसून आम्ही विलायतेची विद्यापीठं शोधायचो. शैलाला कुठंच जायचं नव्हतं, तिला फक्त शोधायला आवडायचं. "हे बघ, याच्यात तळं आहे. बदकंसुद्धा आहेत," ती म्हणायची. भिंतीवर आम्ही पाच नावांची यादी चिकटवली होती. सगळ्यांत वर लंडन, ठळक, दोनदा अधोरेखित. सगळ्यांत खाली उत्तरेकडच्या एका जुन्या गिरण्यांच्या गावातलं विद्यापीठ. ते का घातलं होतं? पाच आकडा पुरा व्हावा म्हणून, दुसरं काय.

रंगांच्या रसायनशास्त्राची एम.एस्सी. पाचही ठिकाणी होती, मी पाचही ठिकाणी अर्ज केले. संक्रांतीच्या आसपास पाचांचीही पत्रं आली, जागा देतो म्हणून. मी घरभर नाचले. विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणारा एक एजंट होता, टाय लावलेला, घाम पुसत पुसत इंग्रजी बोलणारा. तो लंडनची चकचकीत पुस्तिका घेऊन थेट दुकानात आला. काकू आली, तिनं पुस्तिका कपाळाला लावायचीच बाकी ठेवली. "लंडन गं बाई! आता सगळ्यांना सांगायला मोकळी," ती म्हणाली. अप्पांनी पुस्तिका हातात घेतली. उंबऱ्यात गेले. उलटी केली. मागची बाजू बघितली आणि एजंटला शांतपणे विचारलं, "नमुना कुठं आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, ते विद्यापीठ आहे. गिरणी नाही!"

"असू दे की. गिरणीला दोन गठ्ठे सांगायचे तरी मी नमुना मागवतो. इथं तर पोरगी पाठवायची आहे."

"नमुना कसा पाठवतील ते? काय कापून पाठवतील?"

"ते त्यांनी बघावं," अप्पा म्हणाले. आणि मग तो शेवटचा शब्द टाकला, जो टाकला की आमच्या घरात पुढं बोलणं नसतं. पाडव्यापर्यंत वाट बघायची. कुणाचाच नमुना आला नाही तर एम.एस्सी. धारवाडलाच करायची, विलायतेचा विषय बंद. एजंट टाय सैल करत निघून गेला. मी दोन दिवस अप्पांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, पण ते बोलणं लिहिण्यासारखं नाही.

खरा घोटाळा तर मला नंतर कळला. नमुना मागवायचा तर आपला तुकडा पाठवायचा, ही व्यापाऱ्यांची रीत. त्या रीतीनं अप्पांनी गुपचूप खणाचे पाच तुकडे कापले आणि बसण्णाकरवी पाच विद्यापीठांना कुरिअर केले. सोबत दुकानाच्या छापील कागदावर, ज्या इंग्रजीत ते गिरण्यांना लिहायचे त्याच इंग्रजीत पत्र. त्याची प्रत मी वाचली तेव्हा मी जमिनीवरच बसले. सोबत एक तुकडा पाठवत आहोत, तो तपासून आपले मत कळवावे, आमची ऑर्डर त्यावर अवलंबून राहील, पार्टी आमचीच मुलगी आहे.

आणि एवढ्यानं भागलं असतं तर! बसण्णानं हळूच सांगितलं की तुकडे धड नव्हतेच. अप्पांनी मुद्दाम खोट असलेला माल निवडला होता. एका काठाचा लाल पक्का, दुसऱ्याचा कच्चा, दिसायला दोन्ही सारखे. "चांगला तुकडा पाठवला तर सगळेच चांगलं म्हणतात," अप्पांनी मला समजावलं. "ज्याला खोट दिसते, त्याच्याकडं माल टाकायचा." मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही माझं वाटोळं केलंत." ते म्हणाले, "बघू की."

उत्तरं यायला लागली. एकानं आपल्या सुंदर भेटीबद्दल आभार मानले. एकाकडून मशीननं लिहिलेलं पत्र आलं, त्यात तुकड्याचा उल्लेखच नव्हता. एकाकडून काहीच नाही. आणि लंडननं कळवलं की अर्जदारांकडून भेटवस्तू स्वीकारणं त्यांच्या नियमात बसत नाही, सबब ती परत पाठवण्यात येत आहे. लाच! अप्पांनी लंडनला खणाची लाच देऊ केली असा त्याचा अर्थ झाला होता. माझी जागा जाते की काय या भीतीनं मी माफीची तीन पत्रं लिहिली. अप्पांनी मात्र वही काढली आणि चार नावांपुढे चार वेळा शांतपणे लिहिलं. परत. परत. परत. परत. पाडव्याला पंधरा दिवस उरले होते.

त्या वर्षी मी रंगपंचमी खेळलेच नाही. हुबळीत रंगपंचमीला घरात बसणारं माणूस एकतर आजारी असतं, नाहीतर माझ्यासारखं रुसलेलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तेव्हा रस्ता अजून गुलाबी होता, कुत्रीसुद्धा हिरवी. बसण्णाचे कान निळे होते. आणि गादीवर एक खोका होता, विलायतेची तिकिटं लावलेला. यादीतलं शेवटचं नाव. गिरण्यांचं गाव.

खोक्यात आमचाच तुकडा होता, मधोमध कापून दोन केलेला. एक अर्धा तसाच कोरा. दुसरा धुतलेला, आणि त्याला टाचलेली एक पांढरी पट्टी. ती पट्टी सहा निरनिराळ्या धाग्यांची विणलेली होती, सूत, लोकर, नायलॉन असे एकाशेजारी एक. धुताना काठातून सुटलेला लाल त्या पट्टीवर उतरला होता, पण सगळीकडे नाही. लोकरीवर गडद, नायलॉनवर गडद, सुतावर जवळजवळ नाहीच. सोबत हातानं लिहिलेलं पत्र होतं. खाली सही हेलन, रंगांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी ते वाचत वाचत अप्पांना मराठीत सांगत गेले. बाईंनी लिहिलं होतं, तुमच्या तुकड्याचे दोन काठ दोन वेगळ्या हातांनी रंगवलेले आहेत. डावा सुटतो, उजवा सुटत नाही. डाव्याचा रंग कोणत्या जातीचा आहे ते पट्टी सांगते, मी सांगणार नाही, तुमच्या मुलीनं सांगावं. पण एकाच मागावर दोन लाल का आले, हे मला इथं बसून कळणं शक्य नाही. ते तुम्हालाच ठाऊक असणार. कृपया कळवा, मला झोप येत नाही.

अप्पांनी पट्टी उचलली आणि उंबऱ्यात गेले. खूप वेळ उजेडात धरून उभे राहिले. परत आले तेव्हा चष्मा पुसत होते. "बाईला खोट दिसली," एवढंच म्हणाले. मग गादीवर बसून माझ्याकडे वळले. "आता माझं काम झालं. नमुना आला. ऑर्डर तू दे. लंडन पाहिजे असेल तर लंडनला जा, मी अडवणार नाही."

घ्या! इतके दिवस लंडनसाठी भांडले, आणि ते हातात आलं तेव्हा मला त्या पट्टीवरून नजर हलवता येईना. लोकरीनं लाल धरला, सुतानं धरला नाही. रंग कच्चा म्हणून जातो आणि जातो म्हणून कच्चा, या माझ्या लहानपणीच्या बंद दाराला कुणीतरी पहिल्यांदाच फट पाडली होती. रंग काही वाईट नव्हता, लोकर-रेशमाचा तो रंग सुतावर बसवला होता, आपल्या धाग्यावर नव्हता. मला हसू आलं, रडूही आलं. मी गुळेदगुड्डला त्या खणाच्या विणकराला फोन लावला. तो म्हणाला, "बाजारचं लाल रेशीम मधेच संपलं, दुसऱ्या काठाला रेशमाच्याच रंगात घरी रंगवलेलं सूत घातलं. कुणाला कळतंय!" मी म्हटलं, "विलायतेला कळलंय, काका." आणि त्याच दुपारी गादीवर बसून मी त्या बाईंना उत्तर लिहिलं. शेवटी लिहिलं, मी येते आहे.

पाडव्याला काकू आली, श्रीखंड खाऊन बोलली. "लंडन सोडून? त्या गावाचं नाव तरी कुणी ऐकलंय का? लोकांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, पोरीनं माल बघून घेतला." एजंटनं फोनवर तर मला वेडीच ठरवलं. शैला तेवढी खूष. तिनं यादीतली चार नावं खोडली आणि पाचव्याला दोनदा अधोरेखित केलं. "पण तळं नाही गं तिथं," ती म्हणाली.

तळं नव्हतंच. उंच चिमण्या होत्या, धूर न सोडणाऱ्या. ओल्या विटांच्या बंद गिरण्या, दुपारी तीनलाच पेटणारे दिवे, आणि प्रयोगशाळेत उकळत्या रंगाचा, ओल्या लोकरीचा वास. पहिल्या दिवशी हेलनबाईंनी मला एक जुनं कापड दाखवलं. रंग तपासायचं मशीन बिघडलेलं होतं. बाईंनी इकडंतिकडं बघितलं, अंगठा जिभेवर ओला केला, काठावर घासला आणि आपल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर पुसला. बाही गुलाबी झाली. मी इतक्या जोरात हसले की आख्खी प्रयोगशाळा बघायला लागली. त्या क्षणापासून मला ते गाव परकं वाटलं नाही. पोळी-भाजीसाठी जीव तुटला, आईच्या आवाजासाठी तुटला, पण मी चुकीच्या ठिकाणी आले असं एकदाही वाटलं नाही. वर्गात पहिली आले. माझा प्रबंध आता तिथल्या नव्या मुलांना वाचायला देतात. त्याचा विषय, गुळेदगुड्डच्या खणांचे लाल. आता पुढच्या संशोधनालाही बाईंनी बोलावलंय. लोकांना काय सांगू म्हणणारी काकू म्हणे हल्ली सांगायची थांबतच नाही.

वहीत पान सापडलं. पाच नावं, लंडनपासून गिरण्यांच्या गावापर्यंत. चार नावांपुढे "परत". पाचव्या नावाशेजारी धुतलेला अर्धा तुकडा आणि ती पट्टी टाचलेली. पण नावापुढची जागा कोरी.

"अप्पा, हे काय? इथं तुम्ही काहीच लिहिलं नाही?"

"नमुना बघून कुणी पास लिहितं काय? माल हातात आल्यावर लिहायचं."

"मग परवा आला की माल!"

अप्पा उठले, मागच्या फळीवरून एक खण काढला आणि माझ्या हातात दिला. "हा बघ बरं. नवीन विणकर आहे. ठेवू काय?"

हिरव्यावर लाल काठ. मी उंबऱ्यात गेले. बाहेर भांडीवाला पितळ पुसत होता, बसण्णा तंबाखू मळायची थांबवून माझ्याकडे बघत होता. मी कापड उलटं केलं. तिकडची सगळी मशीनं, सगळ्या पट्ट्या डोक्यात होत्या, पण हातानं ऐकलं नाही. अंगठा जिभेवर गेला. उजवा काठ घासला, बाहीवर पुसला. पांढरी. डावा काठ घासला, पुसला. येताना विकत घेतलेल्या माझ्या विलायती शर्टाच्या बाहीवर लाल पट्टा उठला.

"डावा कच्चा आहे," मी म्हटलं. "रेशमाचा रंग आहे, घरी सुतावर चढवलेला. आणि अप्पा, विणकर नवीन नाही. हा त्याच ताग्यातला तुकडा आहे. तुम्ही राखून ठेवला होता!"

बसण्णा खो खो हसत सुटला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझी बाही हातात धरून उजेडात नीट बघितली, जशी ते स्वतःची बघायचे. मग गादीवर जाऊन वही मांडीवर घेतली, पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं, "पास". पेनाला टोपण लावलं.

"बसण्णा, चहा सांग."

"बाय-टू?"

"तुला-मला बाय-टू," अप्पा म्हणाले. "आणि पार्टीला एक फुल्ल."